सेकंडहॅन्ड एअर पिस्तूल, मॉडिफाय केलेलं, विकणारा एलपी१० म्हणतोय. नक्की मॉडेल कुठलं आणि किती द्यावेत?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी, मी इचलकरंजीचा. मुलगी नववीत आहे, दीड वर्ष झालं १० मीटर एअर पिस्तूल खेळतीय, क्लबचं पिस्तूल चार मुलींत मिळून एक आहे, त्यामुळं आठवड्यात दोनदाच नीट सराव होतो आणि प्रत्येक वेळी साइट (नेम धरायची खूण) दुसऱ्या कुणीतरी फिरवून ठेवलेली असते. सर म्हणाले आता स्वतःचं पिस्तूल पाहिजे. नवीन घ्यायचं म्हणजे दोन लाखाच्या पुढची भाषा, ती आमच्याच्यानं होत नाही, म्हणून सेकंडहॅन्ड बघतोय.

सांगलीत एकांकडं आहे. त्यांचा मुलगा खेळायचा, आता पुण्यात नोकरीला. म्हणतात स्टायर कंपनीचं एलपी१० आहे, ९५ हजार मागतायत. काल जाऊन बघून आलो, जे दिसलं ते सगळं लिहितो.

पिस्तुलावर सगळीकडून जाड काळा रंग मारलाय, कंपनीचा नाही हे मलासुद्धा कळतंय, स्क्रूच्या खाचेतपण रंग गेलाय. लाकडी ग्रिप मोठी आहे आणि तळहाताच्या बाजूला करड्या रंगाचा एम-सीलचा थर आहे, घासून गुळगुळीत केलेला, बोटांचे खळगे स्पष्ट दिसतात. नळीखाली पितळेचं वजन लावलंय. सिलिंडर चंदेरी, टोकाला दाब दाखवणारा गेज. पेटीत जर्मन भाषेतलं जुनं माहितीपत्रक, एक अ‍ॅडॉप्टर आणि एक छोटा हुकवाला वजनकाटा आहे, तो कशाला ते त्यांनाही माहीत नाही. पेटीच्या आत स्टिकरवर पेनानं एलपी१० लिहिलंय.

हे खरंच एलपी१० आहे का, आणि ९५ द्यावेत का? घाई करायची नाही पण हातचं जायलाही नको.

दहापूर्णांकनऊ
दादा आधी एक विचारते, पिस्तुलाच्या अंगावर कुठं मॉडेलचं नाव दिसलं का? स्टिकरवर पेनानं कुणीही काहीही लिहितं. रंगाखाली कोरलेली अक्षरं असतात, रंग खरवडू नका, खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरा म्हणजे खोलगट अक्षरांची सावली पडते. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, सिलिंडरवरचे ठसे पण, महिना आणि वर्ष असतं तिथं.

लेथवाला_भोसरी
मी स्पर्धा खेळत नाही पण एअर गनचं काम हातून बरंच गेलंय. रंग मारलाय म्हणून घाबरू नका, घामानं धातूवरचं अ‍ॅनोडायझिंग उडतं, आपल्याकडच्या दमट हवेत तर लवकरच, लोक मग स्प्रे मारतात. बघायचं ते स्क्रूची डोकी. डोकी चेपलेली असतील तर चुकीच्या पान्यानं कुणीतरी बऱ्याचदा उघडलंय असं समजा. आणि नळीचं तोंड भिंगाखाली बघा, कडेला बारीकसं ओरखडं जरी असलं तरी छर्रा एका बाजूला ढकलला जातो.

जुना_नेमबाज
वजनकाट्याचं वाचलं आणि थांबलो. हे एलपी१० नसावं.

वरळीच्या रेंजवर आम्ही नव्वदच्या दशकात सराव करायचो तेव्हा मॅच पिस्तुलं बरीचशी सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवर चालायची. सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो, त्यामुळं शेवटचा थेंब संपेपर्यंत आतला दाब तोच राहतो आणि गेज लावून काही कळत नाही. किती भरलाय हे बघायचा एकच रस्ता, सिलिंडर काट्यावर तोलायचा. रिकाम्याचं वजन आणि भरलेल्याचं वजन वहीत लिहून ठेवायचो. माझ्या पेटीतही असाच हुकवाला काटा होता. एअर पिस्तुलाच्या पेटीत त्याचं काहीच काम नाही, तिथं गेज असतो.

स्टायरचं एलपी१ हे मॉडेल सीओटूतही होतं आणि नंतर कॉम्प्रेस्ड एअरवरही आलं. जुनी सीओटूची पिस्तुलं त्या काळात बऱ्याच जणांनी एअरवर बदलून घेतली. तुमच्यासमोर आहे ते बहुतेक असंच बदललेलं एलपी१. माहितीपत्रकाची पानं उलटा, सिलिंडर भरायच्या चित्रात काटा दाखवलाय का बघा, जर्मन वाचता यायची गरज नाही.

पंचगंगाकाठ
काका, त्यांना फोन करून पत्रकाचे फोटो मागवले. तिसऱ्या पानावर काट्याला टांगलेल्या सिलिंडरचं चित्र आहे!! आता टॉर्चचे फोटो काढायला उद्या परत सांगलीला जातो.

वैदर्भी
जुने नेमबाज बरोबर बोलून राहिले. नागपूरला मी सीओटूवर दोन उन्हाळे काढले, सकाळी सात वाजता एक साइट आन् अकरा वाजता दुसरी. वीस डिग्रीला सीओटूचा दाब ५७ बारच्या आसपास असते आन् गरमीत चढतच जाते, ३१ डिग्रीच्या वर तर तो द्रव राहतच नाही. आमच्याकडं एप्रिलातच पारा चाळीस पार. छर्रे वर चढत जायचे, आन् मॅचमध्ये मुलाला कळेना की हात चुकला का गॅस. म्हणून सगळे एअरवर गेले. तेव्हा बदललं असेल तर चांगल्यासाठीच बदललं, त्याचा दोष धरू नका. फक्त कोणी बदललं ते विचारा, कारण एअरच्या सिलिंडरमध्ये २०० बार असते आन् मधात दाब कमी करून एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर लागतेच, तो नीट बसवला नसेल तर वेग वरखाली होते.

नेकरकाठ
मी जर्मनीत राहते, इथल्या गावच्या नेमबाजी क्लबात सहा वर्षं झाली. ओळखीसाठी एक खूण सांगते. जर्मनीत परवान्याशिवाय विकायच्या एअर गनवर पंचकोनात एफ अक्षराचा ठसा असतो, साडेसात ज्यूलच्या आतल्या ताकदीची आहे अशी ती खूण. तो सापडला तर पिस्तूल जर्मन बाजारातून आलंय एवढं कळेल. नसला तरी काही बिघडत नाही, कंपनी ऑस्ट्रियाची आहे, तिकडून सरळ गेलं असेल.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, सिलिंडरची तारीख. मॅच पिस्तुलांच्या सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची धरतात. इथं आमच्या क्लबात मुदत गेलेला सिलिंडर कंप्रेसरला लावूच देत नाहीत, आणि आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांतही सिलिंडर मुदतीतला आहे की नाही ही जबाबदारी खेळाडूचीच आहे. २०० बार म्हणजे गाडीच्या टायरच्या शंभरपट. पोरीच्या तोंडापासून हातभर लांब असतो तो, यात काटकसर नको.

दहापूर्णांकनऊ
आणि एलपी१० ची मोठी ओळख म्हणजे आतला अ‍ॅब्सॉर्बर, गोळी सुटताना एक छोटं वजन उलट दिशेला सरकतं आणि धक्का खाऊन टाकतं, हातात घेऊन मारलं की लगेच जाणवतं, साइट जागची हलत नाही म्हणाना. एलपी१ ला तो नाही. पिस्तूल म्हणून एलपी१ वाईट नाही हं, आमच्या बालेवाडीच्या ग्रुपमधल्या एकीनं राज्य स्पर्धेपर्यंत तेच वापरलं. पण किंमत एलपी१० ची लावायची नाही.

पंचगंगाकाठ
परत जाऊन आलो. टॉर्च आडवा धरल्यावर डाव्या बाजूला एल, पी आणि १ स्पष्ट दिसलं, पुढं काही नाही, बोट फिरवलं तरी १ च्या पुढं सपाट. मालकांनापण दाखवलं, ते खरंच चकित झाले, त्यांचा मुलगा दुसऱ्याकडून घेताना त्याला एलपी१० म्हणूनच सांगितलं होतं. माणूस सरळ वाटला, त्यांनी स्वतःच म्हटलं की मग किंमत बदलते, तुम्ही चौकशी करा.

सिलिंडरवरची तारीख ०५/२०११. म्हणजे मुदत कधीच संपली. पंचकोनातला एफ मिळाला नाही.

आमचे सर म्हणाले पिस्तूल दोन दिवस रेंजवर आणता आलं तर तपासू. मालक स्वतः घेऊन यायला तयार झाले. काय काय तपासू ते सांगा, एकदाच होईल.

जुना_नेमबाज
तो सिलिंडर भरू नका. क्लबात त्याच आट्यांचा चालू मुदतीतला सिलिंडर असेल तर तोच लावा. आटे जुळतायत की नाही ते हातानं दोन वेढे फिरवून बघा, पान्यानं जोर लावून बसवायचा नाही, आणि आट्यांना तेल ग्रीस काहीही लावायचं नाही, जास्त दाबाच्या हवेत तेल पेट घेतं.

मग हे करा. भरलेला सिलिंडर लावून गेजचा फोटो काढा आणि रात्रभर ठेवा, सकाळी काटा तिथंच पाहिजे. नंतर क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) वीस शॉट मारा, एकाच डब्यातले छर्रे. मग दहा मिनिटं पिस्तूल तसंच ठेवा आणि पहिला शॉट परत मोजा. रेग्युलेटर झिजला असेल तर थांबल्यावर दाब हळूहळू आत शिरतो आणि पहिला शॉट जोरात जातो. मॅचमध्ये पोरगी श्वास घ्यायला थांबली की तोच शॉट नऊला जाणार आणि ती स्वतःला दोष देणार. हे मी फार मुलांच्या बाबतीत बघितलंय, वाईट वाटतं.

शेवटी व्हाइसमध्ये (घट्ट पकडणारा शिकंजा) मऊ कापडात धरून पाच पाच शॉटचे ग्रुप. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, चांगल्या नळीचे पाचही शॉट त्यात पडून जागा उरली पाहिजे.

रेंजवरची_आई
ट्रिगर आणि स्पर्धेतल्या तपासणीच्या पेटीची मापं पण घ्या. ट्रिगर ओढायला जोर कमीत कमी ५०० ग्रॅम, पूर्ण पिस्तूल जास्तीत जास्त १५०० ग्रॅम, आणि ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. एम-सीलचा थर म्हणालात ना, तिथंच घोळ होतो. आम्ही मुलासाठी घेतलेल्या पिस्तुलाची ग्रिप पुट्टी लावून लावून इतकी फुगली होती की जिल्हा स्पर्धेच्या इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्य तपासणीला, पेटीत बसेना, मॅचला चाळीस मिनिटं होती, नवऱ्यानं बाहेर पायरीवर बसून सँडपेपरनं घासली आणि मुलगा शेजारी उभा राहून रडत होता. तळव्याखालची फळी वर वळलेली चालत नाही, तेही बघा.

बांद्रा_ते_विरार
सगळं ठीक पण लायसन्सचं काय? सेकंडहॅन्ड पिस्तूल म्हणजे उद्या पोलीस केस व्हायची.

रेंजवरची_आई
आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर वेपनला लायसन्स लागत नाही. मॅच पिस्तुलाचा छर्रा ०.५३ ग्रॅम आणि वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, हिशोब केला तर सहा ज्यूल येतात. पण कागद घ्याच. मूळ बिल, बाहेरून आणलं असेल तर इम्पोर्टचे कागद, आधीच्या मालकांचं सहीचं पत्र त्यांच्या ओळखपत्राच्या कॉपीसकट, त्यात पिस्तुलाचा नंबर लिहिलेला. प्रवासात पेटीत हे सगळं ठेवायचं, मुलीचं असोसिएशनचं कार्डपण.

लेथवाला_भोसरी
क्रोनोग्राफचे आकडे इथं टाका दादा. वेग ठरल्यापेक्षा खूप जास्त आला तर कुणीतरी स्प्रिंग बदलून जोर वाढवलाय असं समजायचं आणि तसलं घ्यायचंच नाही, आतलं सगळं लवकर झिजतं आणि नेमालापण फायदा शून्य.

पंचगंगाकाठ
काल सगळं झालं, दिवसभर रेंजवर होतो, सर, मालक, मी आणि लेक.

क्लबातला एक सिलिंडर बसला, हातानं सहज. रात्रभरात काटा हलला नाही. वीस शॉटचा वेग १४७ ते १५२ च्या मध्ये. दहा मिनिटं ठेवून पहिला शॉट १६१, दुसरा १५०. परत दहा मिनिटं थांबून बघितलं तर १६०. म्हणजे जुने नेमबाज काका म्हणाले तेच. व्हाइसमधले ग्रुप मात्र बघण्यासारखे, पाचाचं एकच भोक, सरांनी कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

ट्रिगर ४३० ग्रॅमला सुटला, सरांनी तिथंच स्क्रू फिरवून ५१० केला. वजन १०४० ग्रॅम, त्यात पितळेचा तुकडा ६० चा. तपासणीच्या पेटीत बसलं नाही, एम-सीलच्या जागी ५४ मिलिमीटर भरलं.

आणि खरं सांगायचं तर लेकीच्या हाताला ती ग्रिप लागतच नाही. आधीच्या पोराचा हात मोठा होता, त्याच्या बोटांच्या खळग्यांत हिची बोटं हरवून जातात, ट्रिगरपर्यंत पोचायला ती मनगट वाकवते. तरी दहा शॉट मारले तिनं. खाली ठेवताना दोन्ही हातांनी ठेवलं, क्लबचं ठेवते तसं धाडकन नाही.

आता किंमत सांगा मंडळी.

वैदर्भी
माझ्या मते पंचेचाळीसच्या वर एक रुपया नाही. सिलिंडर नवा घ्यावा लागते, ग्रिप नवी, रेग्युलेटरचे सील बदलावे लागते.

लेथवाला_भोसरी
मी थोडं वेगळं म्हणतो. एअरवर बदलायचं काम ज्यानं केलंय त्यानं नीट केलंय, रात्रभर गळती नाही आणि वीस शॉटमध्ये पाच मीटरचा फरक, हे झिजलेल्या सीलवर. सील म्हणजे बारीक खर्च, नळी म्हणजे पिस्तुलाचा जीव आणि ती चांगली आहे. मॉडिफाय केलं म्हणजे सगळंच पडेल असं नसतं, कुठला बदल पिस्तुलासाठी केला आणि कुठला माणसासाठी केला ते वेगळं धरायचं. पितळेचं वजन, एम-सील, रंग, ही आधीच्या मुलाची हौस, त्याचे पैसे द्यायचे नाहीत. एअरवर बदललंय त्याचे द्यायचे.

दहापूर्णांकनऊ
लेथवाल्यांशी सहमत. आणि मूळ पार्ट विचारा दादा, जुनी सीओटूची सिलिंडरं, मूळ साइट, साइटच्या पट्टीची पानं, काहीही. मूळ पार्ट सोबत असतील तर उद्या तुम्हाला विकतानापण किंमत येते, नाहीतर पुढचा माणूसपण असाच धागा काढणार.

सुट्या भागांचं एवढ्यासाठी म्हणते की टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरचं पिस्तूल मॅचच्या मध्येच बिघडलं होतं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती १२ वी आली. एवढ्या मोठ्या पातळीवर असं होतं, तर एलपी१ सारख्या जुन्या मॉडेलचे सील आणि वॉशर आत्ताच दोन सेट घेऊन ठेवा.

बांद्रा_ते_विरार
मग त्यापेक्षा स्प्रिंगचं जुनं फाइनवेर्कबाऊ ६५ घ्या ना, सिलिंडरचीच भानगड नाही.

जुना_नेमबाज
६५ सुंदर पिस्तूल आहे, माझ्याकडं आजही आहे. पण प्रत्येक शॉटला बाजूचा लिव्हर ओढावा लागतो, साठ शॉट आणि सायटर (आधीचे सरावाचे शॉट) मिळून नववीतल्या मुलीचा खांदा दुखून येईल. शिकताना हात ताजा पाहिजे. एलपी१ च बरं.

किंमतीचं माझं मत: मी सत्तेचाळीस अठ्ठेचाळीसपर्यंत गेलो असतो, त्यात मुदत गेलेला सिलिंडर त्यांनी स्वतःकडंच ठेवायचा. फुकट दिला तरी घेऊ नका, घरात असला की एक दिवस कुणीतरी भरतं.

नेकरकाठ
ते शेवटचं वाक्य दोनदा वाचा. इथं मुदत संपलेले सिलिंडर हवा सोडून, भोक पाडून मगच भंगारात देतात.

पंचगंगाकाठ
झालं बरं का. काल मालकांचा मुलगापण पुण्याहून आला होता. मी सगळे आकडे एका कागदावर लिहून नेले होते, वेगाचे, ट्रिगरचे, पेटीचे, ५४ मिलिमीटरचं सांगताना मला जरा अवघडल्यासारखं झालं कारण एम-सील त्यानं स्वतः लावलेलं, बारावीच्या सुट्टीत महिनाभर घासत बसायचा म्हणाला. पण तो म्हणाला काका बरोबर आहे, माझ्या हाताचं आहे ते.

४६ हजाराला ठरलं. माळ्यावरून त्यानं एक डबा काढून दिला, त्यात मूळ मागची साइट, तिची दोन पानं, सीओटूचे दोन रिकामे सिलिंडर आणि स्वतःचा पहिला मॅच टार्गेट होता, तो टार्गेट मी त्याला परत दिला. पहिल्या बिलाची झेरॉक्स आणि दोघांच्या सह्यांचं पत्र मिळालं, नंबर घालून. २०११ चा सिलिंडर त्याच्यासमोर रिकामा केला, त्यांच्या ओळखीच्या वर्कशॉपवर ड्रिल मारून घेतला.

नवा सिलिंडर आणि सील सरांच्या ओळखीनं मागवलेत. आता ग्रिपचं राहिलं. मोठीच तासून छोटी करावी का?

लेथवाला_भोसरी
तासून पाहू शकता पण एम-सील काढताना लाकडाचा कपचा निघतो आणि आत स्क्रूची भोकं कुठं आहेत ते न बघता तासलं तर भिंत पातळ होते. मूळच्या मोठ्या ग्रिपमधून छोटी काढणं अवघडच काम आहे.

जुना_नेमबाज
तासू नका. माझ्या एलपी१ ची छोटी ग्रिप माझ्याकडं पडून आहे, बायको खेळायची तेव्हा घेतलेली, अक्रोडाच्या लाकडाची, उजव्या हाताची. तिनं सोडून वीस वर्षं होतील, कपाटात तेल लावून ठेवलीय. पैसे नकोत, पोरगी खेळली की झालं.

फक्त आधी माप पाठवा. पांढऱ्या कागदावर तिला उजवा हात पसरून ठेवायला सांगा, बोटं जवळ, अंगठा मोकळा, आणि पेन्सिल उभी धरून कडेनं रेघ मारा, तिरकी धरली की हात मोठा दिसतो. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या रेषेपर्यंत किती मिलिमीटर ते पट्टीनं मोजून कागदावर लिहा. तळव्याची रुंदी अंगठा सोडून. व्यक्तिगत संदेशात पत्ता देतो.

पंचगंगाकाठ
काका, काय लिहू कळत नाही. आत्ताच तिचा हात कागदावर घेतला, १६८ मिलिमीटर भरलं, तळवा ७४. उद्या सकाळी कागद पोस्टात टाकतो.